पृथ्वीआड

१७ ऑगस्ट २०१७, गुरुवार. संध्याकाळचे सहा वाजून अकरा मिनिटे झाली होती. दादरच्या पुलांवर परतीची गर्दी. सूर्य मावळायला पाऊण तासाहून थोडा अधिक अवकाश. त्या वेळी दादर चौपाटीवर उभे राहून वरळीच्या अंगाला, नैऋत्येकडे, हात लांब करून क्षितिजापासून चार मुठी मोजल्या असत्या, तर चौथ्या मुठीशी एक दीर्घिका होती. दिवसाउजेडी ती दिसणे शक्य नव्हते. रात्रीही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. एनजीसी ४९९३ हे तिचे नाव. वासुकी तारकासमूहात, १३ कोटी प्रकाशवर्षांवर.

त्या दीर्घिकेत दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांत कोसळल्याची वर्दी त्याच मिनिटाला पृथ्वीवर पोहोचली. आधी गुरुत्वीय लहरी आल्या. शंभरेक सेकंद चढत गेलेली शीळ, आणि मग काही नाही. त्यानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांची चमक, जेमतेम दोन सेकंदांची. तेरा कोटी वर्षांचा प्रवास, आणि दोघींच्या येण्यात अंतर १.७ सेकंदांचे. आखूड गॅमा स्फोट न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून होत असावेत, असे शास्त्रज्ञ कित्येक वर्षे म्हणत होते. त्या संध्याकाळी पुरावा मिळाला.

लहरी दादरमधूनही गेल्या. चर्चगेट ते विरार हे साठ किलोमीटरचे अंतर त्यांनी ताणले, ते प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहूनही कमी. कोणाला काही जाणवण्याचा प्रश्नच नव्हता. गॅमा किरण तर जमिनीपर्यंत येतच नाहीत. हवेत वरच्या वर अडतात. ते टिपायचे तर उपग्रह हवा. आणि इथे एक तपशील आहे, जो कौतुकाच्या लेखांतून सहसा गळतो.

भारताकडे असा उपग्रह होता. ॲस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला अवकाशात गेला. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पुढाकाराने तयार झालेले सीझेडटीआय हे उपकरण त्यावर आहे. गॅमा स्फोट पकडण्यात ते तरबेज. २०२३ च्या अखेरीस त्याने सहाशेचा टप्पा गाठला. पण १७ ऑगस्टला सहा वाजून अकरा मिनिटांनी ॲस्ट्रोसॅट आपल्या फेरीत अशा जागी होता, की तो आणि ती दीर्घिका यांच्या मध्ये अख्खी पृथ्वी आली. भारताची भूमी दीर्घिकेसमोर होती. भारताचा उपग्रह पृथ्वीआड होता.

यात ॲस्ट्रोसॅटचा दोष नाही. साडेसहाशे किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या कोणत्याही उपग्रहासाठी पृथ्वी आकाशाचा जवळपास तीस टक्के भाग झाकते. त्या दिवशी नेमका हवा तो भाग झाकला गेला. शिवाय ‘दिसले नाही’ ही नोंदही वाया गेली नाही. ॲस्ट्रोसॅटसमोरच्या उघड्या आकाशात स्फोट झालेला नाही, एवढे त्यातून पक्के झाले आणि शोधाची जागा आणखी आक्रसली. सीझेडटीआयच्या गटाने आपले काम चोख केले. तरी जगाच्या शोधनिबंधात भारतीय उपग्रहाच्या नावावर ओळ आली ती न दिसल्याची.

योगायोग म्हणून हे सोडून देता येईल. देऊ नये. या शास्त्रात कोण किती हुशार यापेक्षा त्या क्षणी कोण कुठे होता, याला किंमत आहे. गुरू पुन्हा उगवतो. ग्रहण पुन्हा लागते, पंचांगात तारीख सापडते. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर एकदाच होते आणि तिची वर्दी पृथ्वीवरून एकदाच जाते. तेव्हा यंत्र चालू हवे, जागेवर हवे, आणि त्याच्यासमोर आडवे काही नको. ज्याची तयारी दुसऱ्या दिवशी पूर्ण होते, त्याच्या हाती इतरांचे शोधनिबंध येतात.

व्हर्गोचे पाहा. गुरुत्वीय लहरी टिपणारे, इटलीत पिसाजवळचे हे यंत्र १ ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेतल्या तशाच दोन यंत्रांच्या, हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोंच्या, जोडीला आले. निरीक्षणांचे ते पर्व २५ ऑगस्टला संपले. तिन्ही यंत्रे एकत्र चालू होती ती अवघे पंचवीस दिवस. वर्दी आली सतराव्या दिवशी. व्हर्गोला तर जवळजवळ काही ऐकू आले नाही; दीर्घिका त्याच्या आंधळ्या पट्ट्यात होती. पण त्या न ऐकण्यानेच दिशा सापडली. दोन लायगोंच्या भरवशावर शोधायचे क्षेत्र १९० चौरस अंश भरत होते. व्हर्गो जोडल्यावर ते २८ वर आले. पौर्णिमेचा चंद्र आकाशात पाव चौरस अंशही व्यापत नाही, हे लक्षात घेतले तर २८ हा आकडासुद्धा लहान नाही. पण तेवढे आकाश एका संध्याकाळी पालथे घालता येते.

घातलेही. चिलीतल्या लास कम्पानास वेधशाळेत अंधार पडताच स्वोप या एक मीटरच्या, म्हणजे आजच्या मानाने लहानशा दुर्बिणीने नवा ठिपका टिपला. टक्कर होऊन अकरा तासही झाले नव्हते. दीर्घिका तिथेही सूर्यामागोमाग मावळतीला लागली होती. ठिपक्याचा निळसर उजेड दोन-तीन दिवसांत ओसरला. व्हर्गो तीन आठवडे उशिरा सुरू झाले असते, तर ठिपका कदाचित सापडलाही असता. शोधणारे चिवट होते. पहिल्याच संध्याकाळी सापडला असता, असे मात्र कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. आणि जे शिकायला मिळाले त्यातले बरेचसे त्या पहिल्या काही तासांतले आहे.

ही हकीकत जगाला सांगितली गेली १६ ऑक्टोबर २०१७ ला, आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले असताना. दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी होती. सोन्याच्या बातमीला याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. तेव्हापासून मराठी वाचकाला न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर माहीत आहे ती सोन्याची खाण म्हणून. रानडे रोडवर सराफाच्या काचेआड जे दिसते ते तिकडे घडले, एवढे लक्षात राहिले. खरे तर वर्णपटात सोन्याची खूण कोणी बोट ठेवून दाखवलेली नाही. २०१९ मध्ये जुन्या नोंदी पुन्हा तपासल्यावर जे ओळखू आले ते स्ट्रॉन्शियम. टकरीत जड मूलद्रव्ये घडली, हे नक्की. त्यांत सोने असणार, हा भक्कम तर्क. किती, याचे आकडे मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. सोन्याची गोष्ट ऐकायला बरी वाटते, कारण ती आपल्याकडे काही मागत नाही. तेरा कोटी वर्षांपूर्वी तिकडे काय झाले, एवढेच ती सांगते. ती वर्दी आली तेव्हा आपण कुठे होतो, हे विचारत नाही.

ऐकण्याच्या विद्येत आपण कच्चे आहोत, असेही नाही. त्या दिवशी लुईझियानातल्या लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत टकरीच्या सेकंदभर आधी मोठी खरखर आली. संगणकाने नोंद आपोआप बाजूला टाकली. पहिली सूचना निघाली ती एकट्या हॅनफर्डच्या नावावर. माणसांनी लिव्हिंग्स्टनची नोंद उघडून पाहिली, तेव्हा खरखरीखाली चढत जाणारी रेघ स्वच्छ दिसत होती. अशी रेघ गोंगाटातून वेगळी काढायची तर ती कशी असेल, याचे नमुने आधी हाताशी लागतात. हजारो नमुने, एकेक लावून पाहायचा. ते किती घ्यायचे आणि कसे निवडायचे, याचा पाया घालणाऱ्यांत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश ही नावे येतात. साल १९९१. ठिकाण पुणे, आयुका ही खगोलशास्त्राची संस्था. लायगोच्या इमारतींचे बांधकामही तेव्हा सुरू झालेले नव्हते.

म्हणजे काय ऐकायचे हे पुण्यात ठरत होते, तेव्हा ऐकण्याचे यंत्र कुठेच नव्हते. आज ते अमेरिकेत दोन ठिकाणी आहे, इटलीत आहे, जपानमध्ये आहे. महाराष्ट्रात नाही.

यायला हवे होते. हॅनफर्डला दुसरे यंत्र बसवायचे म्हणून तयार केलेले भाग भारताला द्यावेत, या बदलाला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान मंडळाने २०१२ मध्ये संमती दिली. एकाच जातीची तीन यंत्रे घडली. दोन कामाला लागली. तिसरे पेट्यांत गेले. ते आपले.

११ फेब्रुवारी २०१६ ला गुरुत्वीय लहरींचा पहिला शोध जाहीर झाला. सहाव्या दिवशी, १७ फेब्रुवारीला, केंद्रीय मंत्रिमंडळाने लायगो-इंडियाला तत्त्वतः मान्यता दिली. त्या तत्परतेचे कौतुक झाले. जागा ठरली हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ. पुढची, म्हणजे खर्चाची आणि खरी मंजुरी आली ६ एप्रिल २०२३ ला. सात वर्षे आणि सात आठवडे. रक्कम २,६०० कोटी. ११ मे २०२३ ला पायाभरणी झाली. यंत्र २०३० पर्यंत उभे राहील, असे आता सांगितले जाते. २०१६ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत २०२४-२५ चे साल सांगितले जात होते.

मधल्या काळात आकाश थांबलेले नव्हते. तत्त्वतः मान्यतेला दीड वर्ष झाले आणि वरळीच्या अंगाची ती वर्दी आली. त्याच वर्षी गुरुत्वीय लहरींच्या शोधासाठी वाइस, बॅरिश आणि थॉर्न यांना नोबेल मिळाले. मग २५ एप्रिल २०१९ उजाडला.

त्या तारखेबद्दल आपल्याकडे फारसे लिहिले गेलेले नाही. दोन न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर म्हणून मान्य झालेली ती दुसरी नोंद. अंतर सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे. दोन्ही ताऱ्यांचे मिळून वजन सूर्याच्या ३.४ पट, आपल्या आकाशगंगेत माहीत असलेल्या अशा कोणत्याही जोडीपेक्षा जास्त. म्हणजे प्रकरण विलक्षण. आणि त्या क्षणी हॅनफर्ड बंद होते. लिव्हिंग्स्टनला शीळ ऐकू आली. व्हर्गोला ती नीट पकडता आली नाही. शोधायचे क्षेत्र निघाले सुमारे ८,३०० चौरस अंश. आकाशाचा पाचवा हिस्सा. जगभरच्या दुर्बिणी रात्रंदिवस धावल्या. हाती काही लागले नाही. त्या टकरीत उजेड झाला का, झोत सुटला का, मागे काय उरले, हे आता कधीच कळणार नाही.

हिंगोलीत यंत्र असते तर सगळे कळले असते, असा दावा कोणी करू नये. २०१९ पर्यंत ते उभे राहिलेच असते, असाही करू नये. मंजुरी वेळेत मिळाली असती तरी २०१९ हे साल गाठणे कठीण होते. पण पाचवा हिस्सा आकाश म्हणजे काय, याचा हिशेब त्या रात्रीने मांडून दाखवला. असे यंत्र वर्षाचे बारा महिने चालत नाही. साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्के वेळ ते ऐकते; उरलेला वेळ भूकंपाचे हादरे, वारा, दुरुस्ती खाते. दोन यंत्रे एकाच वेळी चालू असण्याची शक्यता म्हणून निम्म्यावर येते. त्यातही हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन एकमेकांपासून तीन हजार किलोमीटरवर, एकाच खंडात. दिशा ठरवायला दूरचे ठिकाण लागते. हिंगोली तसे आहे, आणि म्हणून अमेरिकेने आपले तयार यंत्र द्यायचे कबूल केले. उपकार म्हणून नव्हे.

या सात वर्षांचे समर्थन करणारे असतात. जमीन, वनखात्याची परवानगी, भूकंपमापन, मग करोना. चार-चार किलोमीटरचे दोन बाहू, त्यांत निर्वात नळ्या. खेळ नव्हे, हे मान्य. लिव्हिंग्स्टनला जवळून मालगाडी गेली तरी नोंदीत उमटते. जागा निवडताना घाई करून चालत नाही. पण जागेची निवड सात वर्षे चाललेली नव्हती. आयुकात, इंदूरच्या आरआरकॅट या संशोधन केंद्रात आणि गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत माणसे तयार होत होती, प्रयोगशाळा उभ्या राहत होत्या. थांबलेली होती ती खर्चाची मंजुरी. आणि पैसा नव्हता, असे म्हणण्यात अर्थ नाही. मरीन ड्राइव्हपासून वरळीपर्यंतच्या किनारी रस्त्याला याच काळात बारा हजार कोटींहून अधिक लागले. रस्ता हवा की नको, हा वेगळा वाद. २,६०० कोटींची सही त्यामुळे अडली नव्हती, एवढेच.

सरकारी खात्यात उशीर म्हणजे वाढलेला खर्च. पूल तीन वर्षांनी झाला तर तीन वर्षे गैरसोय होते, खर्च वाढतो, पण पूल होतो आणि त्यावरून माणसे जातात. लेखापरीक्षणात त्याचा आकडा निघतो. हिंगोलीच्या उशिराचा आकडा कोणत्याही अहवालात निघणार नाही, कारण जे ऐकू आले नाही त्याची नोंदच नसते. २५ एप्रिल २०१९ ची निदान अर्धी नोंद आहे. बाकीच्यांची तेवढीही नाही.

जे आधीपासून उभे होते, ते मात्र उपयोगी पडले. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या ३० तबकड्या आहेत, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांची ही रेडिओ दुर्बीण १९९० च्या दशकात उभी राहिली. न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर ऐकण्यासाठी तर नक्कीच नव्हे. २०१७ च्या टकरीनंतर दोन आठवड्यांनी त्या जागेहून रेडिओ लहरी येऊ लागल्या. कमी कंप्रतेवर त्यांचा माग काढायचा तर खोडदकडे वळावेच लागते. पुढचे कित्येक महिने या तबकड्या त्याच बिंदूकडे वळत राहिल्या. जगाच्या शोधनिबंधांत खोडदचे नाव आले ते दिसल्याचे. कित्येक वर्षे आधी कोणीतरी वेळेवर सही केली होती.

आता पुन्हा ॲस्ट्रोसॅटकडे. पृथ्वी आड आली, यावर उपाय आहे आणि तो कोणा शाळकरी मुलालाही सुचेल. एकाऐवजी दोन उपग्रह, पृथ्वीच्या दोन विरुद्ध बाजूंना. एकाच्या आड पृथ्वी आली तर दुसऱ्यासमोर आकाश मोकळे. पवईच्या आयआयटीतले वरुण भालेराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रस्ताव मांडला आहे. ‘दक्ष’ हे त्याचे नाव. टाटा संस्था, आयुका, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, बंगळुरूची रामन संशोधन संस्था त्यात आहेत. विषुववृत्तालगतच्या कक्षेत दोन उपग्रह, सगळ्या आकाशावर एकाच वेळी नजर, आणि मंद स्फोट टिपण्याची आजच्या उपग्रहांहून कितीतरी जास्त ताकद. ही ताकद महत्त्वाची आहे. २०१७ चा स्फोट इतका जवळचा असूनही फिकट होता, कारण त्याचा झोत आपल्या दिशेने नव्हता, बाजूला वळलेला होता. तो आणखी थोडा दूर असता तर तो टिपणाऱ्या फर्मी उपग्रहालाही दिसला नसता. असे कितीतरी रोज निसटत असतील. इस्रोने प्राथमिक कामासाठी ‘दक्ष’ला पैसे दिले. प्रयोगशाळेत उपकरणाचा नमुना तयार झाला. पुढचा टप्पा म्हणजे मोहीम म्हणून निवड, पूर्ण निधी आणि उड्डाणाचे साल.

घाई का, असे कोणी विचारील. त्या संध्याकाळी गॅमा किरणांची चमक टिपली ती दोन उपग्रहांनी. अमेरिकेचा फर्मी आणि युरोपचा इंटिग्रल. फर्मी २००८ पासून फिरतो आहे. त्याचे वय झाले. इंटिग्रल २००२ मध्ये गेला होता. त्याचे वैज्ञानिक काम २८ फेब्रुवारी २०२५ ला थांबले. आपल्याकडे त्या दिवशी राष्ट्रीय विज्ञान दिन होता आणि ठिकठिकाणी व्याख्याने झाली.

गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण एकाच टकरीतून हाती लागल्याचे २०१७ चे ते उदाहरण अजून एकटेच आहे. ११ डिसेंबर २०२१ आणि ७ मार्च २०२३ च्या दोन गॅमा स्फोटांमागे अशा टकरीच्या खुणा सापडल्या. दोन्ही वेळी लायगो सुधारणांसाठी बंद होते. ते स्फोट दूरचे होते, लायगोला ऐकू आले असते असे नाही, पण तपासायलाही काही उरले नाही. दुसऱ्या तारखेला हिंगोलीची अंतिम मंजुरी यायला अजून महिना होता.

तेव्हा मागण्या दोन. ‘दक्ष’ मोहीम म्हणून घ्यायची की नाही, हे इस्रोने ठरवावे आणि घ्यायची असेल तर उड्डाणाचे साल जाहीर करावे. नसेल तर तेही स्पष्ट सांगावे, म्हणजे पवईतली तरुण माणसे दुसरीकडे बघतील. आणि हिंगोलीत दोन्ही बाहूंचे काम कुठवर आले, नळ्या किती बसल्या, पेट्या कधी उघडणार, याचा तपशील अणुऊर्जा विभागाने दर सहा महिन्यांनी प्रसिद्ध करावा, मराठीतही. या दोन्ही गोष्टींना एक रुपयाही लागत नाही.